हळदीच्या पेटंटची फेरतपासणी

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने २८ मार्च १९९५ रोजी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ५४०१५०४ क्रमांकाचं पेटंट दिलं. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीची पूड वापरण्याची पद्धत. पूड जखमेवर लावणं आणि पोटात घेणं, दोन्ही प्रकार त्यात धरले होते. संशोधक म्हणून ज्या दोघांची नावं होती, ते दोघेही भारतीय वंशाचे. पेटंटमध्ये एकूण सहा दावे होते.

ही बातमी भारतात पोचल्यावर संताप उसळला, आणि तो रास्तच होता. भाजी चिरताना बोट कापलं की हळद दाबायची, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. पण त्या संतापाबरोबर एक गैरसमजही पसरला आणि तो आजही भाषणांतून ऐकू येतो: ‘अमेरिकेने आपल्या हळदीचं पेटंट घेतलं.’ तसं झालं नव्हतं. पेटंट हळदीवर नव्हतं, तिच्या एका ठरावीक उपयोगावर होतं. शिवाय पेटंट ज्या देशाचं, त्याच देशात चालतं. सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा करणाऱ्याला किंवा घरात दुधात हळद घालून देणाऱ्या आईला त्याचा काही उपसर्ग नव्हता. अडचण होती ती अमेरिकेत जखमेवरचं औषध म्हणून हळदपूड विकू पाहणाऱ्याला. आणि त्याहून मोठा होता तत्त्वाचा प्रश्न: जे कोट्यवधी लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यावर नवा शोध म्हणून मक्तेदारी कशी मिळते?

उत्तर शोधायला पेटंट कसं मंजूर होतं ते पाहावं लागतं. अर्जदार अर्ज करतो, परीक्षक तपासतो. त्या खोलीत तिसरं कोणी नसतं. अर्जदार आपला शोध नवा आहे असं सांगतो. तो नवा नाही असं दाखवण्याची जबाबदारी परीक्षकावर. त्याच्या हाताशी एका अर्जासाठी मोजके तास असतात, जुनी पेटंटं आणि विज्ञान-नियतकालिकं शोधायची साधनं असतात. त्यात जे सापडत नाही, ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतं. पेटंट हा असा एका बाजूचं ऐकून दिलेला निर्णय असतो. म्हणून जगातल्या जवळपास प्रत्येक पेटंट व्यवस्थेने दुसऱ्या बाजूला नंतर बोलता यावं यासाठी काही दारं ठेवली आहेत. ही दारं नुसती असून भागत नाही. प्रत्येक दारातून कोण आत जाऊ शकतं, कधीपर्यंत, आणि हातात कोणता पुरावा घेऊन, हे वेगवेगळं असतं, आणि खटल्याचा निकाल बहुतेकदा तिथेच ठरतो. हळद आणि कडुनिंब या आपल्या ओळखीच्या दोन प्रकरणांत हे जितकं स्पष्ट दिसतं, तितकं कायद्याच्या पुस्तकातही दिसत नाही.

हळदीच्या प्रकरणात सगळ्यात चकित करणारी गोष्ट त्या पेटंटच्या वर्णनातच आहे. मुरगळणं, सूज अशा तक्रारींवर भारतात हळद पारंपरिक औषध म्हणून फार पूर्वीपासून वापरली जाते, असं त्यात स्वतः अर्जदारांनीच लिहिलं होतं. मग परीक्षक थांबला का नाही? कारण त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात एक मोठी फट होती. एखादी गोष्ट आधीच लोकांना माहीत होती किंवा वापरात होती, हा आक्षेप अमेरिकेतल्या माहितीला आणि वापरालाच लागू होता. परदेशातली माहिती धरायची, तर ती पेटंटात किंवा छापील प्रकाशनात असली पाहिजे. साताऱ्याच्या आजीने शंभर जखमांवर हळद लावली असेल. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने ती माहिती शून्य. तीच गोष्ट एखाद्या मासिकात चार ओळींत छापली असेल, तर मात्र तो पक्का पुरावा.

रघुनाथ माशेलकर १९९५ च्या जुलैमध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक झाले. जन्म गोव्यातल्या माशेलचा, वाढ मुंबईतली, आणि दिल्लीला जाण्याआधी ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. तिथे असतानाच संशोधकांनी पेटंटची भाषा शिकली पाहिजे असा त्यांनी आग्रह धरला होता. हळदीचं पेटंट निषेधाचे ठराव करून जाणार नाही, अमेरिकेच्याच नियमांनी ते पाडावं लागेल, हा त्यांचा निर्णय होता आणि तो अत्यंत योग्य होता. ऑक्टोबर १९९६ मध्ये सीएसआयआरने अमेरिकी पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणीचा अर्ज केला.

ही फेरतपासणी १९८० च्या कायद्याने आली आणि जुलै १९८१ पासून अमलात आहे. पेटंट जिवंत असेपर्यंत कधीही, कोणीही, शुल्क भरून ती मागू शकतं. मागणाऱ्याचा त्या धंद्याशी संबंध असण्याची गरज नाही. वकिलामार्फत अर्ज करून स्वतःचं नाव गुप्तही ठेवता येतं. पुरावा मात्र दोनच प्रकारचा: जुनी पेटंटं आणि छापील प्रकाशनं. साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही. अर्जात दाखवलेल्या कागदांतून पेटंटच्या पात्रतेबद्दल नवा आणि महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो का, हे कार्यालय तीन महिन्यांत ठरवतं. उभा राहत असेल तर तपासणी पुन्हा सुरू होते. पण इथून पुढे संभाषण पुन्हा परीक्षक आणि पेटंटधारक या दोघांतच चालतं. पेटंटधारकाने सुरुवातीला निवेदन दिलं, तरच मागणी करणाऱ्याला एकदा उत्तर देता येतं. त्यामुळे सल्लागार बहुतेकदा असं निवेदन न देण्याचाच सल्ला देतात. निकाल पेटंटधारकाच्या बाजूने गेला तर मागणी करणाऱ्याला अपील नाही. विरुद्ध गेला तर पेटंटधारकाला आहे. सगळा जोर पहिल्या अर्जावरच लावायचा, कारण दुसरी संधी मिळेलच असं नाही.

सीएसआयआरने तसाच जोर लावला. अर्जाला ३२ संदर्भ जोडले. त्यातले काही शंभर वर्षांहून जुने होते, काही संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले, इंग्रजी भाषांतरासह. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंधही त्यात होता. पेटंटधारकांनी बचाव केला तो वाचण्यासारखा आहे. जुन्या ग्रंथांत हळदीचा लेप सांगितला आहे, आमची पूड आहे. लेप आणि पूड शरीरात वेगळ्या रीतीने शोषले जातात, त्यामुळे लेपावरून पुडीचा गुण ओळखता येत नाही. पोटात घेण्याबद्दल ते म्हणाले, तिथे हळद मधाबरोबर सांगितली आहे, आणि मध स्वतःच जखम भरून आणतो. परीक्षकाला हे पटलं नाही. १९९७ साली त्याने सहाही दावे नाकारले. २१ एप्रिल १९९८ रोजी फेरतपासणीचं प्रमाणपत्र निघालं आणि प्रकरण मिटलं. भारतीय परंपरेतल्या ज्ञानावरचं अमेरिकी पेटंट भारतातल्या एका संस्थेने आव्हान देऊन पाडण्याची ही पहिली वेळ होती.

पेटंट नेहमी पूर्णच पडतं असं नाही. बासमतीचं उदाहरण घ्या. टेक्सासमधल्या राइसटेक कंपनीला सप्टेंबर १९९७ मध्ये बासमतीच्या वाणांवर आणि दाण्यांवर २० दाव्यांचं पेटंट मिळालं. भारताच्या अपेडा या निर्यात प्राधिकरणाने एप्रिल २००० मध्ये फेरतपासणी मागितली ती फक्त १५ ते १७ क्रमांकाच्या तीन दाव्यांची. कारण तांदळाच्या दाण्याचे गुणधर्म सांगणारे ते दावे इतके मोकळे होते की भारतातून गेलेला तांदूळही त्यांच्या कक्षेत आला असता. कंपनीने ते दावे मागे घेतले. पण एकदा कार्यालयाने डोळे उघडून पाहायला घेतल्यावर बाकीचे दावेही गळत गेले. शेवटी कंपनीने स्वतः तयार केलेल्या तीन वाणांपुरते पाच दावे उरले आणि पेटंटच्या शीर्षकातून बासमती हा शब्द गेला. पेटंट टिकलं, पण आपल्या निर्यातदारांना त्याची भीती उरली नाही. पेटंटची लढाई दाव्यांच्या शब्दांवर होते. शीर्षकावरून ओरड करण्यापेक्षा एकेक दावा वाचणं जास्त कामाचं, हे अपेडाने दाखवून दिलं.

युरोपात दार वेगळं आहे, म्हणून लढाईही वेगळी झाली. कडुनिंबाच्या बियांपासून काढलेल्या तेलाने पिकांवरची बुरशी आटोक्यात ठेवायच्या पद्धतीवर डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं यांना सप्टेंबर १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळालं. युरोपीय पेटंट कार्यालयात मंजुरीनंतर नऊ महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतं. जून १९९५ मध्ये वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या हरित गटाच्या माग्दा आल्वूत आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी मिळून विरोध केला. तिथे तीन सदस्यांचं मंडळ दोन्ही बाजू ऐकतं, सुनावणी लोकांसमोर होते, साक्षीदार येतात. महत्त्वाचं म्हणजे जगात कुठेही, तोंडी किंवा वापरातून लोकांसमोर आलेली गोष्ट युरोपीय कायदा पूर्वज्ञान मानतो. ती छापलेली असण्याची अट नाही.

म्हणूनच तिथे महाराष्ट्रातून एक साक्षीदार जाऊ शकला. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत निंबोळी अर्काच्या शेतावर चाचण्या झाल्या होत्या. त्या चाचण्यांची हकीकत एका भारतीय उद्योजकाने म्युनिकमधल्या सुनावणीत स्वतः सांगितली. अमेरिकी फेरतपासणीत ही साक्ष दारातच अडली असती. म्युनिकमध्ये ती ऐकली गेली आणि १० मे २००० रोजी पेटंट रद्द झालं. पेटंटधारकांनी अपील केलं; ते ८ मार्च २००५ रोजी फेटाळलं गेलं. मंजुरीपासून शेवटच्या निकालापर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला.

वेळ ही या सगळ्या पद्धतींची दुखरी बाजू आहे, आणि ती सौम्य शब्दांत सांगून चालणार नाही. एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या एका बियाणे व्यावसायिकाला पिवळ्या घेवड्यावर अमेरिकी पेटंट मिळालं. बी त्याने मेक्सिकोतून विकत आणलं होतं. तो घेवडा मेक्सिकोत पिढ्यान्‌पिढ्या पिकतो, पण पेटंट हातात येताच त्याने आयातदारांवर दावे लावले. कोलंबियातल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्राने डिसेंबर २००० मध्ये फेरतपासणी मागितली. अमेरिकेच्या अपील न्यायालयाचा अंतिम निकाल आला जुलै २००९ मध्ये. पेटंट पडलं, पण फेरतपासणी मागितल्यानंतरही साडेआठ वर्षं ते उभं होतं आणि त्या काळात मेक्सिकोच्या शेतकऱ्यांची निर्यात कोसळली. अंती न्याय मिळाला म्हणून ते नुकसान भरून निघालं नाही.

या विलंबाची आणि एकतर्फीपणाची दखल अमेरिकेने २०११ च्या कायद्यात घेतली. पेटंट कार्यालयातच तज्ज्ञ न्यायाधीशांचं एक मंडळ आलं आणि त्याच्यासमोर दोन नव्या कार्यवाही सुरू झाल्या. पहिली मंजुरीनंतर नऊ महिन्यांत मागायची. तिथे जवळपास कोणताही आक्षेप चालतो. दुसरी त्यानंतर केव्हाही, पण त्यात पुन्हा जुनी पेटंटं आणि छापील प्रकाशनंच, आणि आक्षेपही दोनच: शोध नवा नाही, किंवा त्या क्षेत्रातल्या जाणकाराला तो सहज सुचला असता. दोन्हींत आव्हान देणारा शेवटपर्यंत हजर राहतो, साक्षीदारांची जबानी होते, आणि कार्यवाही सुरू झाल्यापासून एका वर्षात, फार तर आणखी सहा महिन्यांत निकाल द्यावा लागतो. त्याची किंमतही आहे. आव्हान देणाऱ्याने आपलं नाव उघड करायचं. त्याच्यावर पेटंटभंगाचा दावा झाला असेल तर एका वर्षाच्या आत यायचं. आणि हरल्यावर तेच मुद्दे न्यायालयात पुन्हा काढायचे नाहीत. जुनी फेरतपासणीही चालू आहे, आणि नाव लपवायचं असेल त्याला तीच सोयीची.

न्यायालय सोडून लोक या मंडळाकडे का जातात, याचं कारण पुराव्याच्या मापात आहे. अमेरिकी न्यायालयात पेटंट वैध धरलं जातं आणि ते पाडायला स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा लागतो. २०११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मायक्रोसॉफ्टच्या एका खटल्यात हे पुन्हा ठासून सांगितलं. मंडळासमोर मात्र पारडं थोडं झुकलं तरी पुरतं. साहजिकच पेटंटधारक चिडले. पेटंट ही मालमत्ता आहे, ती न्यायालयाखेरीज कोणी हिरावू शकत नाही, असं म्हणत एक तेलक्षेत्र कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१८ साली सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने सांगितलं की पेटंट हा सरकारने दिलेला सार्वजनिक हक्क आहे, आणि दिलेला निर्णय पुन्हा तपासण्याचा अधिकार देणाऱ्याला आहे. मला हा निकाल पूर्ण पटतो. एका बाजूचं ऐकून दिलेली मक्तेदारी दुसरी बाजू ऐकल्यावर फिरवता येत नसेल, तर चुकीची किंमत कायम जनतेनेच भरत राहायची.

२०११ च्या त्याच कायद्याने हळदीच्या वेळची फटही बुजवली. १६ मार्च २०१३ पासूनच्या अर्जांना जगात कुठेही लोकांना उपलब्ध असलेली माहिती आड येऊ शकते. पण ती न छापलेली असेल तर तिच्या आधारे आव्हान द्यायला नऊ महिन्यांचं दार किंवा न्यायालय, एवढंच.

भारताचा कायदा या बाबतीत अधिक उदार आहे, आणि हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. २००५ च्या दुरुस्तीनंतर १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम २५ मध्ये विरोधाच्या दोन संधी आहेत. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही विरोध करू शकतं. मंजुरीची नोंद प्रसिद्ध झाल्यावर एका वर्षाच्या आत हितसंबंध असलेली व्यक्ती विरोध करू शकते. तेव्हा तीन सदस्यांचं विरोध मंडळ कागद तपासून शिफारस करतं आणि नियंत्रक दोन्ही बाजू ऐकून निकाल देतो. भारतात किंवा इतरत्र एखाद्या स्थानिक समाजाकडे तोंडी असलेलं ज्ञान, हाही विरोधाचा आधार म्हणून कायद्यात स्पष्ट लिहिला आहे. याशिवाय उच्च न्यायालयात पेटंट रद्द करण्याची मागणी करता येते. मात्र एकाच माणसाला विरोध अर्ज आणि ही मागणी दोन्ही एकदम चालवता येत नाहीत, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं आहे.

कायदा उदार असला तरी चूक आपल्याकडेही होते. २०१२ साली जांभूळ, चंदन अशा वनस्पतींच्या मधुमेहावरील मिश्रणावर भारतीय पेटंट कार्यालयानेच पेटंट दिलं. त्याच मिश्रणाचा युरोपातला अर्ज भारताच्या पारंपरिक ज्ञानाच्या पुराव्यापुढे टिकला नव्हता. शेवटी केंद्र सरकारला त्याच वर्षी कलम ६६ खाली स्वतःचा अधिकार वापरून ते रद्द करावं लागलं.

हा पुरावा आला पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयातून. हळदीच्या लढाईतून २००१ साली त्याची सुरुवात झाली. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतले चार लाखांहून अधिक औषधयोग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी भाषांत मांडून ते परदेशी पेटंट परीक्षकांना उपलब्ध केले आहेत. युरोपीय कार्यालयाशी करार २००९ मध्ये झाला. मंजूर पेटंट पाडण्यापेक्षा चुकीचा अर्ज मंजूर होण्याआधीच अडवणं केव्हाही स्वस्त. पण या ग्रंथालयात मुख्यतः ग्रंथांतलं ज्ञान आहे. जे कधी पोथीत गेलंच नाही, गडचिरोलीतल्या वैदूंचं, कोकणातल्या सुईणींचं, त्याला अजून असा आसरा पुरेसा नाही.

मंजुरीआधीच्या विरोधाचं बळ अलीकडे मुंबईत दिसलं. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरच्या बेडाक्विलिन या औषधाच्या क्षाररूपावर जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज होता. तो मंजूर झाला असता तर मूळ पेटंटची जुलै २०२३ मधली मुदत संपूनही मक्तेदारी आणखी चार वर्षं लांबली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले, क्षयातून बरं होताना औषधांच्या विषारी परिणामाने श्रवणशक्ती गमावलेल्या या दोघींनी त्याला विरोध केला. २३ मार्च २०२३ रोजी पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. या दोघी ना स्पर्धक कंपन्या होत्या, ना वकील. २०२४ च्या नियमांनी अशा विरोधाला शुल्क लावलं आहे आणि विरोध विचारात घेण्याजोगा आहे का हे आधी नियंत्रकाने ठरवायचं, अशी पायरी घातली आहे. खोट्या विरोधांना आळा घालायचा हेतू असेलही, पण रुग्णांसाठी दार अरुंद झालं आहे आणि हा बदल मला चुकीचा वाटतो.

लघुउद्योजक, शेतकरी, वैद्य, प्रयोगशील शिक्षक यांना एक विनंती. तुम्ही केलेला बदल, काढलेला अर्क, बसवलेलं यंत्र यावर स्वतः पेटंट घ्यायचं नसेल, तर ते तपशिलासह, तारखेसह कुठेतरी छापून ठेवा: जिल्ह्याच्या कृषी मासिकात, संस्थेच्या अहवालात, स्मरणिकेत. उद्या कोणी त्यावर हक्क सांगितला तर जगातल्या कोणत्याही पेटंट कार्यालयात तो कागद दाखवता येईल. आणि आपल्या क्षेत्रातले अर्ज पाहत राहा. भारतीय पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं आणि इंटरनेटवर मोफत वाचता येतं. मंजुरीची नोंद त्यात आल्याच्या तारखेपासून विरोधाला एक वर्ष मिळतं, त्यानंतर उरतं ते फक्त उच्च न्यायालय.